दोन हात आणि एक वीत

शिंपलेमिस्त्री घर बांधायला घेताना नकाशा सर्वांत शेवटी पाहत. सुरुवातीला ते घरातल्या प्रत्येकाचे वय विचारत. बोईसरजवळच्या सालवडच्या आमच्या रिकाम्या प्लॉटवर पाया आखण्याआधी त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि सिमेंटच्या पिशवीच्या फाटक्या कागदावर आमची वये लिहून घेतली. बाबा चाळीस, आई पस्तीस, मी तेरा. मग प्रत्येक आकड्यात त्यांनी वीस मिळवले आणि बाबांकडे पाहिले.

"भाऊ, वीस वरसांनी तुमी साठ."

बाबा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर काम करत. नेमके बोलणारा माणूस. त्यांनी विचारले, "त्याचा खोल्यांशी काय संबंध, मिस्त्री?"

"त्या साठवाल्याला पण इथंच ऱ्हायचा हाय ना? मंग त्याचा दरवाजा आताच ठेवून देतो."

हे ठेवून दिलेले दरवाजे हीच त्यांची खासियत होती. जिथे आज भिंत हवी पण पुढे कधी वाट करावी लागेल असे त्यांना वाटे, तिथे ते भिंत बांधतानाच वर दगडाची एक सलग आडवी पट्टी बसवत. वरच्या मजल्याचा भार त्या पट्टीवर जाई. खालची जागा ते विटांनीच भरत, पण या विटा शेजारच्या विटांत गुंतवत नसत आणि त्यांच्या सांध्यांत सिमेंटऐवजी चिखल वापरत. वरून गिलावा झाला की भिंत सगळीकडे सारखीच दिसे. मग ती जागा नंतर सापडावी म्हणून दरवाजाच्या बरोबर मध्यावर, छातीच्या उंचीला, भिंतीच्या दोन्ही अंगांना ते ओल्या गिलाव्यात खाडीतल्या तिसऱ्यांचा एकेक शिंपला अंगठ्याने दाबून बसवत. शिंपला म्हणजे इथे भिंत उघडता येते. आमच्या घराला शिंपल्यांचे असे तीन दरवाजे होते. शेजारच्या काकू पहिल्यांदा घर पाहायला आल्या तेव्हा भिंतीवरून हात फिरवत आईला म्हणाल्या, "काय हो वहिनी, भरती बोईसरपर्यंत आली होती वाटतं!"

मिस्त्री चिंचणीच्या पुढच्या किनाऱ्यावरचे. वडील, काका, दोन्ही भाऊ बोटीवर जाणारे. हे मात्र होडीत पाय ठेवला की ओकत. "पयल्या दिवशी माजा भाऊस बोल्ला, याला उतरवा, मासली पलून जाईल," ही गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगत आणि स्वतःच हसत. म्हणून ते गवंडीकामाला लागले. पण घराविषयीची त्यांची सगळी समज त्या मासेमारीच्या घरातूनच आलेली होती, असे आता विचार करताना मला वाटते. त्यांच्या घरी पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की जाळी, दोर, जाळ्यांचे तरंगते बोये सगळे माजघरात येई आणि माणसे कडेला सरकत. नारळी पौर्णिमेनंतर जाळी बाहेर पडत आणि माणसे पुन्हा मधोमध येत. एकच खोली वर्षातून दोनदा बदले. "घर आजच्या माणसांसाठी बांधायचा नाय," ते म्हणत. "आजची माणसं आजची किती दिस ऱ्हातात?"

त्यांच्या कामात मला एकच गोष्ट खटकत असे. टेप खिशात असूनही शिंपल्याची जागा ते टेपने मोजत नसत. मुख्य दाराकडच्या कोपऱ्याला कोपर टेकवायचे, बोटांच्या टोकाशी खूण करायची, पुन्हा कोपर ठेवायचे, शेवटी एक वीत. दोन हात आणि एक वीत, तिथे शिंपला. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक हात, एवढा दरवाजा. त्या वर्षी शाळेत आम्हाला मापनावर प्रकल्प होता आणि प्रमाणित एककांचे महत्त्व मला नुकतेच कळले होते. नुकत्याच कळलेल्या गोष्टीचा आवेश मोठा असतो.

"काका, तुमचा हात वेगळा, माझा हात वेगळा. मग भिंत कोणाच्या हाताने मोजायची?"

"भिंत तुमची, हात माजा."

"पण हे शास्त्रीय नाही."

"बाय, पट्टी हरवते. हात कदी हरवलाय का कोणाचा?"

मी हरले नाही. मी पट्टी आणली, त्यांना विटांच्या थप्पीवर हात सरळ ठेवायला लावला आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर तीनदा मोजून सरासरी काढली. त्रेचाळीस पूर्णांक पाच सेंटिमीटर. वीत, वीस पूर्णांक पाच. ते बुटके होते, त्यामुळे हातही आखूडच. प्रकल्पवहीत मी तक्ता केला: मिस्त्रीकाका, बाबा, आई, मी. त्याखाली निष्कर्ष लिहिला की, 'शरीराच्या अवयवांनी केलेले मापन व्यक्तीनुसार बदलते, म्हणून ते अविश्वसनीय असते.' मिस्त्रींनी तो मोठ्याने वाचायला लावला आणि मान डोलावत म्हणाले, "बराबर हाय. म्हणून तर दुसऱ्याला मोजू देत नाय."

आईचा आणि त्यांचा वाद मात्र उंबरठ्यावरून झाला. बाहेरच्या दाराला त्यांनी रीतसर उंबरठा बसवला. आतल्या एकाही दाराला नाही. शिंपल्याखालच्या भरलेल्या विटांच्या खालूनसुद्धा त्यांनी फरशी सलग नेली होती.

"उंबरठ्याशिवाय दार म्हणजे काय दार, मिस्त्री? लोक नावं ठेवतील."

"वैनी, बाहेरच्याला हाय ना उंबरा? आतमधी कोणाला अडवायचा हाय?"

आईला मनातून ते पटले नव्हते, हे पुढची कित्येक वर्षे ती आतल्या दारांशीही रांगोळीची रेघ ओढत असे, त्यावरून कळे.

पहिला शिंपला तीन वर्षांनी उघडला. कारखान्यात काम कमी झाले, बाबांच्या पाळ्या घटल्या आणि आईने आसपास राहणाऱ्या कामगारांना डबे द्यायचे ठरवले. अडचण एवढीच की डबा घ्यायला येणारा प्रत्येक माणूस बाहेरच्या खोलीतून, माझ्या अभ्यासाच्या टेबलाला वळसा घालून स्वयंपाकघरात येई. मिस्त्री आले, स्वयंपाकघराच्या रस्त्याकडच्या भिंतीवरच्या शिंपल्याला त्यांनी छिन्नी लावली आणि दुपारच्या जेवणाआधी तिथे खिडकी झाली. खालचा अर्धा भाग त्यांनी ओटा म्हणून तसाच ठेवला. संध्याकाळी पहिले गिऱ्हाईक वाकून आत डोकावले. "चाची, भेंडी है क्या?" आई म्हणाली, "भेंडी है, पर कल का डिब्बा पहले वापस दो." माझ्या दहावीचा निकाल चांगला लागला त्याचे बरेचसे श्रेय मी आजही त्या खिडकीला देते.

नंतर मी पदार्थविज्ञान शिकले आणि बांधकामाच्या साहित्याची चाचणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत रुजू झाले. काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडणे आणि ते कधी, कसे, किती भाराला फुटले हे लिहिणे, हे माझे काम. नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी मी घराची सुधारणा केली. स्नानगृहाला छतापर्यंत टाइल्स, खोल्यांना पुट्टी, गुळगुळीत रंग. रंगारी उरलेल्या शिंपल्यांपाशी थांबला आणि म्हणाला, "मॅडम, हे राहू द्यायचे का?" मी म्हणाले, "काढून टाका. भिंत एकसारखी दिसली पाहिजे." बाबा म्हणाले, "मिस्त्रीला विचारलं असतंस." मी विचारले नाही. आपल्या घराची भिंत एकसारखी करायला कोणाला काय विचारायचे, असे मला तेव्हा वाटले होते.

मिस्त्रींची आणि माझी शेवटची भेट दोन वर्षांपूर्वीची. ते थकले आहेत असे कळले म्हणून आई आणि मी त्यांच्या गावी गेलो. त्यांचे घर मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले. एकेकाळी एकच असलेले ते घर आता दोन मुलांत विभागलेले होते. प्रत्येकाला वेगळे दार, वेगळी चूल, वेगळी मोरी. सगळी दारे नेमकी, जागच्या जागी, कुठे तडा नाही. त्यांची स्वतःची खाट पडवीत होती, सुकटीच्या टोपल्यांच्या शेजारी.

"काका, तुमच्या भिंतींना शिंपले नाहीत?"

"व्हते ना. सगले उघडले. दोन पोरं, त्यांची पोरं." ते हसले. "माजा वय लिवायचा ऱ्हायला बघ, पिशवीवर."

मग त्यांनी विचारले, "तुमच्यातले दोन उरलेत. भाऊंचा उघडला का?"

शिंपलेच उरले नाहीत, ते मीच खरवडून काढायला लावले, हे मला सांगता आले नाही. मी म्हणाले, "अजून गरज पडली नाही, काका."

"मंग बरा हाय," ते म्हणाले आणि खरोखरच त्यांना बरे वाटल्याचे दिसले. आई माझ्याकडे पाहत होती. त्यानंतर काही महिन्यांतच ते गेले. निरोप आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते आणि यंत्रात ठोकळा लावलेला होता. मी तो काढून ठेवला, एवढेच त्या दिवसाचे मला आठवते.

यंदा बाबांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की चाकाच्या खुर्चीवरचे आयुष्य धरून चाला आणि पाच दिवसांत घरी न्या. बाबांची खोली तळमजल्यावर, स्नानगृहाला लागूनच. पण स्नानगृहात जायची वाट खोलीबाहेरून, अरुंद बोळातून काटकोनात वळून. खुर्ची त्या वळणावर फिरत नव्हती. मी पुठ्ठ्याचा आराखडा करून तपासले; ती फिरणे भूमितीच्या दृष्टीनेच अशक्य होते. बाबांनी रुग्णालयात मला हळू, जड जिभेने पण सरळ विचारले, "मला घरी नेणार की कुठे ठेवणार?" दोन माणसांनी उचलून मोरीवर नेले जाणे त्यांना चालणार नव्हते. तसे असेल तर मनोरच्या बाजूला एक शुश्रूषागृह आहे तिथे ठेवा, असे त्यांनीच सुचवले होते.

खोली आणि स्नानगृह यांच्या मधल्या भिंतीतच साठवाल्याचा दरवाजा होता. कुठे, ते आता भिंत सांगत नव्हती. आईने एक जागा दाखवली, मी दुसरी. दोन्हींत मीटरभराचे अंतर आणि दोघींची खात्री सारखीच. टाइल्स वाजवून पाहिल्या तर त्या ठिकठिकाणी पोकळ वाजत. प्रयोगशाळेतून भिंतीतली सळई शोधणारे यंत्र आणले. ते गप्प राहिले, कारण मिस्त्रींची पट्टी दगडाची होती. बोईसरचा ठेकेदार भिंतीकडे पाहून म्हणाला, "मॅडम, वर मजला आहे. अंदाजाने फोडली तर तडे जातील. टेकू लावून, बीम टाकून पंधरा-वीस दिवस धरा."

चार दिवस उरले होते.

मी मापनाच्या प्रकल्पवहीचा विषय काढला तेव्हा आईनेच माळ्यावरची, माझ्या शाळेच्या वह्यांची पत्र्याची पेटी उतरवली. तिला वही आठवली नव्हती. मला आठवली होती, पण ती ठेवली असेल यावर माझा विश्वास नव्हता. तक्ता जसाच्या तसा होता. दोन हात म्हणजे सत्त्याऐंशी, अधिक वीस पूर्णांक पाच. एकशे सात पूर्णांक पाच. पण एका वहीवर विसंबून भिंत फोडायची माझी तयारी नव्हती. आमच्या कामात पडताळणीशिवाय आकडा लिहीत नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले आणि दाराकडच्या कोपऱ्यापासून डब्याच्या खिडकीच्या मध्यापर्यंत टेप धरला. एकशे सात आणि वर थोडेसे. मी दुसऱ्यांदा मोजले नाही.

बाबांच्या खोलीत त्या अंतरावर मी पेन्सिलने फुली मारली. ठेकेदाराने तिच्या बरोबर मागे, स्नानगृहाच्या बाजूने एक टाइल उचकटली, आणि टाइलच्या मागे, जुन्या गिलाव्यात, शिंपला तसाच होता. रंगाऱ्याने खोलीतले शिंपले काढले होते. टाइल बसवणाऱ्याने हा नुसता झाकला होता. चिखलातल्या विटा हातानेच सुटल्या. वर दगड जागच्या जागी, वरच्या मजल्याला केसाएवढाही तडा नाही. सत्त्याऐंशी सेंटिमीटरची वाट, चाकाच्या खुर्चीला पुरून उरेल एवढी. ठेकेदाराने दगडाच्या कडेवरून बोट फिरवले. "हे कोणी केलं?" त्याने विचारले. "एका दर्या लागणाऱ्या माणसाने," आई म्हणाली.

हात हरवत नाही, असे मिस्त्री म्हणाले होते. हात गेला होता; तो माझ्या मोजपट्टीने जपून ठेवला होता. माझ्या वहीतला निष्कर्ष आणि त्यांचे म्हणणे, दोन्ही अर्धेच बरोबर निघाले.

बाबा पाचव्या दिवशी घरी आले. मी खुर्ची ढकलत खोलीतून नव्या दारापाशी नेली आणि बाहेरच्या उंबरठ्यापाशी केले होते तसे पुढची चाके उचलायला दांड्यावर भार दिला. गरज नव्हती. खाली फरशी सलग होती; चाके कुठेही न अडखळता पलीकडे गेली. आई दारात उभी होती. त्या जागी तिने रांगोळीची रेघ अजून ओढलेली नाही.

बाबांनी उजव्या हाताने चौकटीची कड चाचपली. "साठीसाठी ठेवलं होतं त्याने," ते एकेक शब्द जुळवत म्हणाले. "मला चार वर्षं आधीच लागलं."

निघालेला शिंपला मी धुऊन ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ठेकेदार चौकटीभोवतीचा गिलावा करायला आला तेव्हा मी त्याला बाहेरच्या खोलीची भिंत दाखवली. तिथला तिसरा दरवाजा मिस्त्रींनी आईच्या म्हातारपणासाठी ठेवलेला. त्यावरचा शिंपला मीच काढायला लावला होता. त्या जागची पुट्टी खरवडून थोडा ओला गिलावा लावायला मी सांगितले.

"किती अंतरावर, मॅडम?"

"दाराकडच्या कोपऱ्यापासून दोन हात आणि एक वीत."

त्याने मान हलवली, बाही वर सारली आणि आपले कोपर कोपऱ्याला टेकवले. उंच माणूस होता.

"थांबा," मी म्हणाले. "तुमचा हात नको." आणि वही उघडली.