नाव गेलेल्या गावातली आंघोळ

वॉटफर्डहून हीथ्रोला निघालो तेव्हा ऑफिसात कुणालाच पटेना, की मी जपानला जाऊन फक्त केंजीचं गाव बघणार आहे. केंजी आमच्याच टीममधला. वर्षापूर्वी नोकरी सोडून घरी परतलेला. त्याच्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण सरकारदरबारी ते आता नाहीच. शेजारच्या शहरात ते विलीन झालंय.

स्टेशनवर उतरलो तर फलाटावर मी आणि एक मांजर. केंजीने अर्ध्या तासात अख्खं गाव दाखवलं. टाउन हॉलला कुलूप. वाचनालय म्हणजे दोन कपाटं आणि डुलक्या काढणाऱ्या एक बाई. दवाखाना फक्त मंगळवारी. जेवायला सोबा (काळपट पिठाच्या शेवया) मिळाल्या. त्या फुर्रफुर्र आवाज करत खाणं तिथे चालतं. लहानपणी त्यासाठी मी धपाटे खाल्लेत.

उरलं सेंतो (सार्वजनिक स्नानगृह). ते केंजीचे वडील चालवतात. शहराचा अधिकारी त्याच संध्याकाळी पाहणीला येणार होता. दहा माणसं आंघोळीला दिसली नाहीत तर सेंतो बंद. घरची माणसं धरायची नाहीत.

"नऊ म्हातारे जमवलेत," केंजी म्हणाला. "दहावा तू."

आत बुटकं स्टूल, बादली आणि पाणी घ्यायला भांडं. इंग्लंडात टबात उभं राहून शॉवरचे चार थेंब झेलणारा मी, अक्षरशः गहिवरलो. मनसोक्त आंघोळ केली आणि नदीत उतरावं तसा चड्डीसकट गरम पाण्याच्या हौदात उतरलो.

नऊ म्हातारे एकदम काठाला सरकले. दारात फाइल घेऊन अधिकारी उभा. केंजीचे वडील तरातरा आले आणि त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

"कपडा पाण्यात चालत नाही," केंजी कुजबुजला. "काढ, नाहीतर घरी जा म्हणताहेत."

"अरे, पण दहावा मीच ना? सांग त्यांना."

केंजीने सांगितलं. वडील म्हणाले, "मग नऊच."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त आदर वाटला. सेंतो गेलं तरी चालेल, पण पाणी बाटता कामा नये. शेवटी सगळ्यांदेखत, सरकारी साक्षीने, मी चड्डी उतरवली आणि पुन्हा पाण्यात शिरलो. अधिकाऱ्याने फाइलीत काहीतरी लिहिलं.

वॉटफर्डला परतल्यावर महिन्याभराने केंजीचा मेल आला: सेंतोला आणखी एक वर्ष मिळालं. फार बरं वाटलं. आयुष्यात माझ्या हातून घडलेलं हे एकमेव समाजकार्य.

रविवारी पुण्याहून आईचा फोन आला.

"मग, काय काय केलंस जपानात?"

म्हटलं, "देवळं बघितली."