खुर्चीवर राहिलेली थैली

वर्तमानपत्रांनी मला मुत्सद्दी म्हटलं, तेव्हा मी नाही म्हटलं नाही. फुकटची स्तुती कोण सोडतं? पण वाटाघाटी मी शिकले आष्टीच्या आठवडी बाजारात, माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या मागं फिरून.

मिरचीचा भाव जमला नाही की त्या तरातरा उठायच्या. कापडी थैली मात्र मिरचीवाल्याच्या पोत्यावरच. पहिल्यांदा मी ती उचलायला गेले, तर माझ्यावरच डाफरल्या, "राहू दे तिथंच! थैली घेऊन उठली त सौदा तुटला. ठेवून उठली त त्याले समजते, बाई वापस येते." मिरचीवाला हाक मारायचाच.

पुढं मी खासदार झाले, मग परराष्ट्र खात्यात राज्यमंत्री. माझ्या मुलीच्या वेण्या, परीक्षा, ताप सगळं जाऊबाईंनी सांभाळलं. महिला सक्षमीकरणावर भाषणं मी ठोकायची. घरी ते कोण करत होतं, मला पक्कं ठाऊक होतं.

एकदा आपले काही बांधकाम मजूर परदेशात अडकले. ठेकेदारानं पासपोर्ट दाबून ठेवलेले. त्यातला एक आष्टीचाच. त्याची आई रोज जाऊबाईंच्या ओट्यावर येऊन बसायची.

मी तिकडं गेले. तीन दिवस समोरचा अधिकारी "बघू"च्या पुढं सरकेना. मी मुळात तापट. फाइल मिटली आणि दाराकडं निघाले. जाऊबाईंनी शिवलेली थैली मात्र मुद्दाम खुर्चीवरच ठेवली. आमचे सचिव ती उचलायला धावले, तशी मी डाफरले, "राहू द्या तिथंच!" बिचारे पांढरेफटक पडले. मी व्हरांड्यात पोचते न पोचते, तोच मागून बोलावणं आलं. संध्याकाळी पासपोर्ट सुटले.

परतल्यावर सरळ आष्टी गाठली. ओट्यावर बसणाऱ्या त्या आईचा पोरगा माझ्या आधीच घरी पोचला होता. जाऊबाईंना सगळं सांगितलं.

"पोरगा आला, बरं झालं," त्या म्हणाल्या. "अन् थैली?"

गडबडीत ती तिकडंच राहिली होती.

"एवढी मोठी मंत्री, अन् थैली इसरून आली!" असं पुटपुटत त्यांनी जुन्या लुगड्याचा तुकडा काढला नि शिलाई मशीनपुढं बसल्या. शपथ घेताना माझा आवाज कधी कापला नव्हता. तिथं "बाई, हे सगळं तुमच्यामुळं" एवढंच म्हणताना कापला.

त्यांनी मान वर केली नाही. दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं.

"सुईत ओवून दे," त्या म्हणाल्या. "मले आता दिसत नाई."