शिकारी कुत्र्यांची भाकर

आमच्या भागात शिकारीवाल्यांची एक रीत आहे. रानडुकरामागे कुत्री सोडण्याआधी ते वावराच्या मालकाच्या घरी येतात आणि कुत्र्यांसाठी भाकर मागतात. भाकर दिली की वावर शिकारीला मोकळं झालं असं धरायचं. तोंडानं हो-नाही कुणी विचारत नाही. गावातली जुनी माणसं या रीतीचं फार कौतुक करतात. मला त्यात कौतुकासारखं काही कधी दिसलं नाही. नाही म्हणायचं असेल तर दारातल्या उपाशी कुत्र्याला हाकलावं लागतं, आणि माझ्या आईला ते कधी जमलं नव्हतं. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

वलगावच्या पुढे, नाल्याला लागून आमचं वावर आहे. बाबा फुलं करतात. दसऱ्याच्या झेंडूवर आमचं वर्ष निघतं. लग्न होऊन मी अकोल्याला गेले, तरी तोडणीला माहेरी येतेच. सण सोडून माहेरी काय पळता, असं सासरी म्हणतात. म्हणोत.

नाल्याच्या झुडपांत डुकरं दिवसभर पडून असतात आणि अंधार पडला की लोकांचा भुईमूग उकरतात. त्यामुळे शिकारीवाले गावाचे लाडके. परवानगीवाचून शिकार करतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण भुईमूग वाचतो तिथे कायदा कोण आठवतो? ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुत्री आमच्या वावरातून काढली. ठिबकच्या नळ्या फाटल्या, शेवंतीचे वाफे तुडवले गेले. तेव्हापासून बाबांनी त्यांना भाकर बंद केली. त्यांच्या म्होरक्याला चौकात, चार लोकांसमोर सांगितलं, "माह्या धुऱ्यावर पाय ठेवाचा नाई."

"नाई ठेवत जी," तो म्हणाला आणि हसला.

दसरा तोंडावर आला होता. त्या सकाळी बाबा फुलांच्या व्यापाऱ्याशी बोलायला अमरावतीला गेले होते. आई भाकरी थापत होती. आमच्याकडे शेवटची भाकर कुत्र्याची असते. आई या घरात आली तेव्हापासून ती कधी चुकली नव्हती. आईचे नवरात्राचे उपास होते, स्वतःच्या पोटात भगरीशिवाय काही जाणार नव्हतं, तरी त्या दिवशीही तिनं ती भाकर केलीच. दारात एक लांब पायांचं कुत्रं येऊन बसलं होतं. एक कान फाटलेला. सोबत माणूस कुणी नव्हतं.

"कोनाचं व हे?" आई म्हणाली. "बरगड्या त पाह्य याच्या."

तिनं भाकर कुसकरली, वर थोडं वरण ओतलं आणि जर्मनच्या ताटलीत त्याच्यापुढे ठेवली. कुत्र्यानं तोंड घातलं आणि समोरच्या निंबाआडून म्होरक्या बाहेर आला. त्यानं लांबूनच हात जोडले.

"लय उपकार झाले काकू."

आईच्या हाताला पीठ तसंच होतं. ती त्याच्यामागे फाटकापर्यंत धावली, नाही नाही म्हणत. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. कुत्रं ताटली चाटत राहिलं, मग शिटी ऐकून गेलं.

आम्ही वावरात पोचलो तेव्हा सगळं सुरू झालं होतं. माणसं काठ्यांनी झुडपं बडवत होती. एक डुकरीण बाहेर पडली ती सरळ झेंडूत शिरली, आणि तिच्यामागे सगळी कुत्री. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी ओरडत होते आणि ते लोक मला बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणत होते, जणू वावर त्यांचं आणि मी वाट चुकून आत आलेली. शेवटी डुकरीण नाला ओलांडून निसटली. त्यांच्या हाताला काहीच लागलं नाही. उमललेला झेंडू काळ्या मातीत आडवा पडला होता.

बाबा आल्यावर पोलीस पाटलाच्या ओसरीवर बसणं झालं. पाटलानं विचारलं, भाकर कोणाच्या घरची?

"याहीच्याच," म्होरक्या म्हणाला. "काकूनं सोताच्या हातानं देली."

"म्या कुत्र्याले देली," आई म्हणाली. "तुमाले नाई देली."

ओसरीवरचे सगळे हसले. पाटीलही हसला. "माय, शिकारीच्या कुत्र्याले देली म्हंजे त्याहिलेच देली न." बाबांनी वनखात्याचं नाव काढलं, तर पाटील आणखी मऊ झाला. "जा न. पन थे पयले तुमालेच विचारतीन, याहिले बलावलं कोनं?"

उठताना बाबांनी सगळ्यांना राम राम घातला, म्होरक्यालासुद्धा. घरी आल्यावर मात्र आईला म्हणाले, "साऱ्या वर्षाची कमाई कुत्र्याले चारली तू."

म्होरक्याचा राग मला आजही आहे, पण या वाक्याचा राग त्याहून जास्त आहे. ओसरीवर गिळलेलं सगळं बाबांनी आणून तिच्यापुढे ओकलं. हसणाऱ्यांना राम राम आणि राबणारीला हे. मी त्यांना तोंडावर तसं म्हणाले. ते आंघोळीला गेले.

त्या दसऱ्याला बाबा कडेकडेची वाचलेली फुलं घेऊन बाजारात गेले. आम्हा फुलवाल्यांच्या दाराला नुसतं आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. आईनं पाठ दुखते म्हणून लवकर झोपून घेतलं.

शिकारीवाले अजून येतात, गाव अजून त्यांना भाकर देतं. आई आता पीठच मोजकं भिजवते. शेवटची भाकर ती करत नाही. बाबा एकदा म्हणाले, "कर न व, काई होत नाई." तिनं ऐकलं नाही.

यंदा तोडणीला गेले तेव्हा सकाळी दारात एक म्हातारं कुत्रं येऊन बसलं. आईनं उठून दार लावून घेतलं.

"कोनाचं हाय, कोनाले मालूम," ती म्हणाली.

ते आमच्याच गल्लीतलं होतं. पिल्लू होतं तेव्हा तिनंच त्याला वाटीनं दूध पाजलं होतं.