जुना कर्नल मी काढून टाकला

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी लोणावळा स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. दुकानदाराच्या संगणकावरून माझ्या पेन ड्राइव्हमध्ये एक फाइल उतरत होती आणि तिच्या नावातला एकेक आकडा मी हातातल्या कागदाशी ताडून पाहत होते. कारण आदल्या संध्याकाळी याच दुकानातून मी चुकीच्या आकड्याची फाइल नेली होती. "बाई, आता घाई नका करू," सुनंदा म्हणाली. "आबा गेले." मी दुकानदाराला थांबवले नाही. फाइल पूर्ण उतरू दिली, पेन ड्राइव्ह रुमालात गुंडाळला आणि मळवलीकडे जाणारी गाडी धरली... त्या फाइलचा आता काहीही उपयोग नव्हता, हे मला गाडीत बसल्यावर उमगले.

सुनंदाचे आबा म्हणजे किसनभाऊ, तिचे चुलतसासरे. देहूरोडच्या डेपोत ते रेडिओ मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर मळवलीजवळच्या आपल्या वाडीत परतले आणि लोकांनी टाकून दिलेले संगणक दुरुस्त करू लागले. मी लोणावळ्याच्या एका शाळेत छत्तीस वर्षे संस्कृत शिकवले. संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो एकसष्टाव्या वर्षी, त्यांच्या ओसरीवर. त्या जुनाट यंत्रांवर ते लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली घालत. माझा पहिला धडा म्हणजे त्यांनी मुद्दाम इंटरनेट बंद पाडले आणि मला शोधायला बसवले. "आदी आपल्या दारात बगायचं, मग गल्लीत, मग गावात," ते म्हणाले. यंत्राला आपले नेटवर्कचे उपकरण दिसते का, ते दिसत असेल तर घरातल्या राउटरपर्यंत पोचता येते का, आणि मगच बाहेरच्या जगाची चौकशी. पडद्यावर आलेला संदेश वहीत उतरवून घेतल्याशिवाय पुढची कळ दाबू देत नसत. "वाचल्याबिगर हात लावायचा न्हाई. तुमी तर मास्तरीण, तुमाला काय सांगायचं!"

त्यांचा आणखी एक नियम होता. प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. नवा कर्नल बसवला तरी जुना मागे शिल्लक राहतो आणि नव्याने दगा दिल्यास यंत्र सुरू करताना जुना निवडता येतो. तो जुना कर्नल भाऊ आठ दिवस काढू देत नसत. "डेपोत जुना पार्ट आट दिस बाकावरच ऱ्हायचा. नवा पार्ट पयल्या दिशी चांगलाच चालतो, बाई. नवी सून बी तशीच." आतून लगेच सुनंदाचा आवाज येई, "आबा, सून ऐकतीया हितं!" "ऐक की मग. तुला आट वर्सं झाली, तू पास हायेस."

भाऊंना एकच मुलगी, रेखा. जन्मतः बहिरी, आज नागपूरला नोकरी करते. तिच्या लहानपणी वाडीच्या आसपास तिला शिकवणारे कोणी नव्हते, म्हणून बापलेकीने हातांची स्वतःची अशी एक भाषा रचली. आई लवकर गेली, आणि ती भाषा जाणणारी जगात दोनच माणसे उरली. रोज दुपारी चार वाजता रेखा व्हिडिओवर येई. मधुमेहाने भाऊंची दृष्टी अधू झाली होती, फोनच्या पडद्यावर त्यांना काही दिसत नसे. म्हणून त्यांनी आपला संगणक मोठ्या टीव्हीला जोडला होता. टीव्हीवर तिची बोटे वितीएवढी मोठी दिसत. अशा वेळी मी खोलीत असले तर खिडकीबाहेर पाहत बसे. दुसऱ्याचे पत्र वाचू नये, तसेच मला ते वाटे. चार वर्षांत मी त्या भाषेतला एक शब्दही शिकले नाही.

उन्हाळ्यात भाऊंची मूत्रपिंडे निकामी झाली. डॉक्टरांनी घरी नेण्यास सांगितले त्याचा अर्थ सर्वांनाच कळला होता. रेखाला रजा मिळून ती निघायला तीन दिवस होते. मी रोज सकाळी जाई, त्यांच्यापाशी बसे आणि यंत्राची देखभाल करी. त्या दिवशी भाऊ झोपले होते. पडद्याच्या कोपऱ्यात, नवी आवृत्ती आली आहे आणि डिस्कवर जागा कमी आहे, अशी सूचना झळकत होती. मी ती वहीत उतरवली, नवा कर्नल बसवला आणि जागा हवी म्हणून जुना काढून टाकला. वर्ग सोडताना फळा स्वच्छ पुसायचा, ही छत्तीस वर्षांची सवय. तेव्हा मला ते नीटनेटकेपणाचे काम वाटले. यंत्र पुन्हा सुरू केले, तर इंटरनेट नाही.

वरच्या अंगाला भाऊंच्या एका पुतण्याचे घर, तिथून वायफाय येई. ते पकडणारे बोटाएवढे उपकरण भाऊंनी संगणकाला लावले होते, पण त्याला चालवणारा ड्रायव्हर हा छोटा प्रोग्राम प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागे आणि त्यासाठी त्याच कर्नलची एक फाइल लागे. ती इंटरनेटवर. म्हणजे इंटरनेट यावे यासाठी आधी इंटरनेट हवे होते.

भाऊ जागे झाले. मी पडद्यावरचा संदेश वाचून दाखवला. "मग जुन्यावर जावा की," ते सहज म्हणाले. जुना मी काढून टाकल्याचे सांगितले. "बाई म्हनल्यावर फळा पुसनारच," ते एवढेच म्हणाले, आणि त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला.

चार वाजता सुनंदाच्या फोनवर रेखा आली. मी फोन त्यांच्या डोळ्यांपुढे धरला, जवळ नेला, लांब नेला. "हालतंय काय तरी," भाऊ म्हणाले. "हात हाय का पडदा हाय, कळंना." पलीकडे रेखा तेच तेच पुन्हा करत होती, अधिकाधिक मोठे हात करून. मग त्यांनी तोंड वळवले. "लोनावळ्यातनं फाइल आना, बाई. मी आसाच करायचो. उद्या चारला लागंल ना?" मी हो म्हटले.

त्याच संध्याकाळी आणलेल्या फाइलच्या नावातला एक आकडा वेगळा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या उशाशी बसून मी पुन:पुन्हा तीच आज्ञा देत होते आणि यंत्र तोच नकार देत होते. तेवढ्यात पाहिले, तर भाऊंचे हात पांघरुणाबाहेर आले होते. समोरच्या काळ्या टीव्हीकडे पाहत ते बोलत होते. एक तळहात छातीशी गेला, दोन बोटे दुमडली, मनगट फिरले, आणि आणखी काहीतरी... सगळे मिळून चार-पाच खुणा असतील. पलीकडे कोणी नाही, हे त्यांना समजत होते की नाही, मला ठाऊक नाही. मी सवयीप्रमाणे नजर वळवली. मग उठले, योग्य आकडा कागदावर लिहिला आणि लोणावळ्याला निघाले.

रेखा आली ती थेट अंत्यविधीला. तिसऱ्या दिवशी मी सारी हकीकत कागदावर लिहून तिच्या हाती दिली. माझ्यात तेवढेच धैर्य होते. तिने ती दोनदा वाचली. मग स्वतःचा फोन वायफायला जोडला, त्याची चार्जिंगची केबल संगणकाला लावली, फोनमधली एक कळ सरकवली, आणि टीव्हीवर इंटरनेट आले. दोन मिनिटेसुद्धा लागली नाहीत. असाच एक फोन दोन्ही दिवस माझ्या पर्समध्ये होता. भाऊंना हा उपाय ठाऊक असणारच. पण त्या दिवसांत त्यांना एखादी गोष्ट लख्ख आठवे, तर सुनंदाचे नावही निसटून जाई, आणि मला तसे विचारायचे कधी सुचले नाही. रेखाने तोच कागद उलटा केला आणि लिहिले, "बाबा शेवटी काय म्हणाले?"

मी जे पाहिले होते ते हातांनी करून दाखवले. तिने लिहिले, "असा शब्द आमच्यात नाही."

भाऊंची खोली सुनंदाने तशीच ठेवली आहे. रोज दुपारी चारला मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसते, टीव्हीवर नागपूरहून रेखा येते, आणि मी पुन्हा हात उचलते. बोटे दोन होती की तीन, मनगट आत फिरले की बाहेर, असे ती कागदावर लिहून विचारते. मी बदलून पाहते. ती नकारार्थी मान हलवते, पण फोन बंद करत नाही. मी उद्याही जाईन. मात्र एक गोष्ट मी तिला अजून लिहून दिलेली नाही... डोळे मिटले की मला आता भाऊंचे हात दिसत नाहीत. आदल्या दिवशी तिला खुणा करून दाखवणारे माझेच हात दिसतात.