लिफ्टवाल्याचा कोट

गल्लीत तिला सगळे टाचणीबाई म्हणत. सकाळी देवापुढे दिवा लावून ती शिवणयंत्रावर बसली, की ओठांत टाचण्या धरायची, त्या थेट जेवायच्या वेळीच निघायच्या. तोंडात टाचण्या असल्यावर माणूस बोलणार काय? हं, अंहं आणि भुवया, एवढ्यावर तिचा धंदा चालायचा. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई अगदी गरीब आहे. ज्यांनी तिला टाचण्या काढून बोलताना ऐकलं होतं, त्यांना तसं वाटत नसे.

तिचा नवरा एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्टवर होता. मरून रंगाचा, पितळी बटणांचा कोट त्याला कंपनीने दिला होता. लिफ्टचा दांडा ओढून ओढून उजव्या बाहीचं कोपर विरलं, तेव्हा तिने त्यावर ठिगळ लावलं. हुबेहूब कापड काही मिळालं नाही, म्हणून ते जरा गडद दिसायचं. नवरा म्हणायचा, "असू दे. गर्दीत हरवलो तर ठिगळावरून ओळखशील."

मग इमारतीत बटणांची लिफ्ट आली आणि त्याची नोकरी गेली. हे त्याने घरी सांगितलंच नाही. रोज सकाळी कोट घालून, डबा घेऊन तो निघायचा आणि गावातल्या दवाखान्यांच्या, दुकानांच्या लिफ्टमध्ये उभा राहून अनोळखी माणसांना विचारायचा, "कितवा मजला?" एकदा शाळेतून येताना लेकीने त्याला असं पाहिलं. बापाने नुसतं ओठांवर बोट ठेवलं. पोर त्या बोटाला जागली. तो गेला, त्यानंतरही कितीतरी वर्षं तिने आईला काही सांगितलं नाही. सांगितलं ते तिने त्याची गोष्ट लिहिली तेव्हा. सगळी वाचून दाखवली. टाचणीबाईने टाचण्या काढून डबीत ठेवल्या आणि त्या दिवशी यंत्राला हात लावला नाही.

ती गोष्ट भाच्याने ऐकली. भाचा म्हणजे नणंदेचा एकुलता एक. त्याला सिनेमा काढायचा होता. जवळ दाढी होती, कॅमेरा होता, गोष्ट तेवढी नव्हती. दोन्ही वेळा मामीच्या ताटावर बसून तो सिनेमाच बोलायचा.

"मामी, दिग्दर्शकाला पहिला सिनेमा एकदाच करता येतो."

"लग्नासारखं?"

"लग्न दुसऱ्यांदा करता येतं, मामी."

लेक हसून हसून बेजार व्हायची. दादावर तिचा फार जीव. लिहिलेले कागद तिने आपण होऊन त्याच्या हातात ठेवले. "तू कर सिनेमा, दादा. पण बाबांना नीट दाखव." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. टाचणीबाईने नवऱ्याचा कोट कपाटातून काढून दिला. सिनेमातला लिफ्टवाला नवऱ्यासारखाच किडकिडीत होता, कोट त्याला बसला. पहिल्या दिवशी त्या नटाला पाठमोरा पाहून ती दारामागे जाऊन उभी राहिली, एवढंच.

सिनेमाचं काम उलटसुलट चालतं, हे तिला तेव्हा कळलं. आधीचं नंतर, नंतरचं आधी. पण पडद्यावर ते सलग दिसायला हवं, म्हणून कपडे तेच लागतात, तसेच मळलेले, तसेच विरलेले. कोट तर जवळजवळ प्रत्येक प्रसंगात होता. शिवण सुटली की कपडेपटवाला तो तिच्याकडेच आणायचा. लेकही दिवसभर चित्रणाच्या जागी राबायची, कधी नटाला वाक्यं सांग, कधी चहा दे. दोघी घरच्याच, त्यांना काय विचारायचं!

शेवटचा प्रसंग तेवढा राहिला. लिफ्टवाला पुन्हा त्याच जुन्या इमारतीत येतो आणि लिफ्टमधून वर वर जातो. खऱ्या इमारतीत चित्रण करायची परवानगी मिळाली होती, तीही एकाच सुट्टीच्या दिवसाची.

त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक बाई पेपर नाचवत आल्या. "अहो टाचणीबाई, भाचा पेपरात! दाढी शोभते हो."

टाचणीबाईने वाचलं. भाच्याने सांगितलं होतं, की गोष्ट त्याची स्वतःची. लिफ्टवाला म्हणजे त्याचे वडील. लहानपणी त्याने त्यांना असं पाहिलं, वडिलांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि ते गुपित त्याने आजवर छातीशी जपलं.

त्याचे वडील! बँकेतून निवृत्त झालेले, गुटगुटीत, लिफ्टला इतके घाबरणारे की डोळ्यांच्या डॉक्टरकडेसुद्धा धापा टाकत जिन्याने जायचे!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा गेला तेव्हा देवाने नेला म्हणून ती गप्प बसली होती. आता माणसाने नेला होता, तोही तिच्या हातचं जेवून.

"तुला ठाऊक होतं?" तिने लेकीला विचारलं.

लेक खाली बघत होती. "पोस्टरवर पाहिलं होतं, कथा म्हणून त्याचंच नाव. जाऊ दे ना, आई. दादाचा पहिला सिनेमा आहे."

"आणि तुझे बाबा? ते कितवे?"

लेक उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दिवा लावताना टाचणीबाईने देवाला सरळच सांगितलं, "त्याचं वाटोळं कर म्हणत नाही. पण तो बघत असताना त्याच्या हातातलं काहीतरी जावं. तुला जमत असेल तर बघ. नाहीतर मी बघते."

आणि दुपारी कपडेपटवाला कोट घेऊन दारात उभा. "बटण सैल झालंय, बाई. रविवारी लागणार आहे, शेवटचा प्रसंग."

ओठांत टाचण्या होत्या. "हं," टाचणीबाई म्हणाली.

तो गेल्यावर तिने दाराला कडी घातली, कोट टेबलावर पालथा घातला आणि ब्लेडने उसवायला बसली. घाई केली नाही. आधी अस्तर सोडवलं. मग बाह्या. मग बगलेच्या शिवणी, आणि तिथे तिचेच जुने टाके निघायला लागले. नवरा वाळत चालला तसा तिने कोट आत घेतला होता, पुन्हा आत घेतला होता. "जेवण कमी झालंय जरा," म्हणायचा. खोटारडा. एका लिफ्टमधून हाकललं, की दुसरीच्या शोधात दिवसभर चालायचा. एकेक टाका तुटताना तिला भाच्याची दाढी दिसत होती. संध्याकाळपर्यंत कोटाचे तुकडे टेबलावर मांडून झाले. बाही इथे, पाठ तिथे, मधे पितळी बटणांची वाटी. कापलं तिने काही नाही. कापडाला कात्री लागली की संपलं, उसवलेलं पुन्हा शिवता येतं. नाव आधी, कोट मग, असा तिचा हिशोब होता.

शनिवारी कपडेपटवाला आला आणि टेबल बघून चहा न घेताच पळाला. पाठोपाठ भाचा आला. आईला बरोबर घेऊन आला होता, म्हणजे काळजात धस्स झालं होतं. नणंद दारातूनच सुरू झाली.

"वहिनी, हे काय मांडलंय? उद्या बाळाचं काम आहे!"

"बसा वन्सं. कोटावर नका बसू."

"एका कोटासाठी एवढं? अहो, सिनेमात थोडं इकडचं तिकडे होतंच."

टाचणीबाईने टाचण्या एकेक करून काढल्या. नणंद ते पाहूनच खुर्चीच्या कडेला सरकली.

"इकडचं तिकडे? माझा नवरा तुमच्या घरी गेला, वन्सं. तुमचे यजमान बरे आहेत ना? की कोट घालून गावभर लिफ्ट शोधत फिरतात?"

"मामी, निर्मात्याला आवडतं तसं," भाचा घाईघाईने म्हणाला. "दिग्दर्शकाची स्वतःची गोष्ट असली की पेपरवाले छापतात. पहिला सिनेमा आहे माझा. उद्या हा प्रसंग झाला नाही तर परवानगी गेली. मी संपलो, मामी."

"पहिला सिनेमा एकदाच करता येतो, नाही का? तूच म्हणाला होतास."

तो पाणी प्यायला. त्याला घाम फुटलेला पाहून तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची तिला लाज वाटत नव्हती.

"काय हवंय तुम्हाला?" त्याने विचारलं.

"कथा, म्हणून हिचं नाव. तुझ्याआधी, मोठ्या अक्षरात. आणि पेपरात छापून आण, की लिफ्टवाला तुझा मामा होता. मग शिवते. यंत्राला तेल घालून ठेवलंय."

लेक तोवर आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. भाचा तिच्याकडे वळला. आवाज अगदी मऊ केला त्याने.

"हे बघ, पोस्टरं छापून झालीत. शेवटी आभाराची पाटी असते ना, तिथे टाकतो तुझं नाव. घरच्या चहापाण्याबद्दल म्हणून... म्हणजे, मदतीबद्दल. तुझं ते काय, दोन पानं होती आठवणींची. गोष्ट तर मी केली तिची. मामा लिफ्टमध्ये उभा राहायचा, एवढंच होतं तुझ्याकडे."

नणंदेने मान डोलावली. "बघ, नाव टाकतोय म्हणतो."

लेक टेबलापाशी आली. ठिगळाची बाही उचलून तिने क्षणभर गालाला लावली आणि खाली ठेवली. मग कोटाची पाठ पुढे ओढली, खडू घेतला आणि मधोमध रेघ मारली. खडूशेजारीच काजांची लहान कात्री पडली होती, ती उचलली.

"अगं ए!" भाचा ओरडला. "मामी, हिला थांबवा!"

टाचणीबाईने हात पुढे करून लेकीला थांबवलं. भाच्याने सुस्कारा सोडला.

"ती नको," टाचणीबाई म्हणाली. "ती बोथट आहे." आणि खणातून मोठी कात्री काढून तिने लेकीच्या हातात दिली.

जाड कापड कापतानाचा तो आवाज भाच्याने उभ्याने ऐकला. नणंदेने कानांवर हात ठेवले. लेकीचे डोळे वाहत होते, पण रेघ तिने सोडली नाही.

सिनेमा पूर्ण झाला. भाच्याने धावाधाव करून दुसरा मरून कोट रंगवून आणला. पहिल्या खेळाला सगळ्या गोतावळ्याला बोलावणं होतं, या दोघींना सोडून. टाचणीबाईने तिकिटं काढली. लेकीने नवं जॅकेट घातलं होतं, आईने शिवलेलं. मरून, पितळी बटणांचं, उजव्या कोपरावर जरा गडद ठिगळ.

सिनेमा चांगला होता, हे कबूल करायला हवं. लोक तो कोट, ते ठिगळ बघत बघत रडले. पण शेवटच्या प्रसंगात नट लिफ्टमध्ये शिरला तो कडक, चकचकीत कोट घालून, आणि मजल्याचं बटण दाबायला त्याने हात उचलला तर कोपरावर काहीच नाही. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "वाटेत कोट बदलला वाटतं." हसू पसरत पुढच्या रांगांपर्यंत गेलं. ज्या क्षणासाठी भाच्याने सगळा जीव टाकला होता, त्या क्षणी थिएटर हसत होतं. टाचणीबाई हसली नाही. तिने पडद्याकडे पाहिलंच नाही, पहिल्या रांगेतल्या भाच्याच्या मानेकडे ती बघत राहिली. मान हळूहळू खाली गेली.

दिवे लागले. भाचा फुलांचा गुच्छ घेऊन मंचावर गेला, वडिलांना वर बोलावू लागला. ते बिचारे बायकोला मोठ्याने विचारत होते, "अगं, मी कधी लिफ्ट चालवली?" एवढ्यात पेपरवाल्या एका बाईचं लेकीच्या बाहीकडे लक्ष गेलं. तिने ठिगळ पाहिलं, बटणं पाहिली, मागच्यालाही दाखवली. माना वळायला लागल्या.

"हा कोट... हाच ना तो?"

लेकीने आईकडे पाहिलं. आईने नुसत्या भुवया उचलल्या.

"माझ्या बाबांचा आहे," लेक म्हणाली. आवाज मंचापर्यंत गेला. "गोष्टसुद्धा त्यांचीच. मी लिहिलीय. बसा, सांगते."

ती सांगत होती, लोक जवळ सरकत होते, आणि भाचा गुच्छ धरून तिथेच उभा होता. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

संध्याकाळी टाचणीबाईने दिवा लावला. मागितलं काहीच नाही. क्षमाही नाही. हात जोडून एवढंच विचारलं, "बघितलंस ना?"