रफीकने आणलेला मिक्सर

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोजवळही नाही. तोंड बंद ठेवणारा माणूस म्हणून दारव्ह्यात मला मान आहे, तो याच गोष्टीमुळे टिकून आहे म्हणा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — निदान मी तसं धरून चाललोय.

मी सोलर प्लांटवर, सबस्टेशनवर काँट्रॅक्टने काम करतो. वायरिंग तपासणं, यंत्रं चालू करून देणं, मग बॅग भरून घरी येणं. मी कुठल्याच कंपनीचा नोकर नाही. कंपनीजवळ काम असतं, माझ्याजवळ हात असतात आणि मध्ये एजंट बसलेला असतो. स्वतःला तो एजंट म्हणवत नाही. ईमेलखाली 'टॅलेंट पार्टनर' असं काहीतरी असतं. एकदा नागपुरात अशाच एका पार्टनरचं 'कॉर्पोरेट ऑफिस' शोधत गेलो, तर तो एका फ्लॅटचा हॉल निघाला. गॅलरीत चादरी वाळत होत्या. आतून कुकरची शिट्टी झाली आणि पार्टनर म्हणाला, आमचा बॅक ऑफिस स्टाफ.

हसू येतं ना? मलाही यायचं. चांगलं हसून घेतलं मी या लोकांना. बस स्टँडजवळच्या टपरीवर आमच्या लाइनीतली चार माणसं जमायची आणि मी त्यांना एजंट कसा ओळखायचा ते शिकवायचो. तो 'अर्जंट आहे' म्हणाला की समजावं, काम नाही. बायोडाटा मागून घेईल, मग महिनाभर फोन उचलणार नाही. तुमच्या जुन्या साहेबांची नावं 'रेफरन्स' म्हणून घेईल आणि त्याच साहेबांना आपली माणसं विकायला जाईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं — तो सहज म्हणून विचारेल, सध्या कोण नोकरी सोडतंय? त्याला उत्तर द्यायचं नाही. कारण तो लगेच त्या कंपनीला फोन करतो, तुमचा माणूस चालला, माझ्याकडे दुसरा तयार आहे. कंपनी चिडते. माणूस निघायच्या आधीच निघतो.

हे मला पक्कं ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा धडा सगळ्यात मन लावून ऐकायचा तो युनूस. पांढरकवड्याकडच्या एका प्लांटवर शिफ्ट इनचार्ज होता, कायम नोकरीत. त्याच्या बायकोचा, शबानाभाभीचा, धाकटा भाऊ रफीक त्याच प्लांटवर ऑपरेटर. युनूसनेच चिकटवलेला. सुट्टीच्या दिवशी दोघं एकाच मोटारसायकलवर दारव्ह्याला यायचे. रफीक मागे बसून सगळा रस्ता बोलत असायचा आणि युनूस म्हणायचा, "हॉर्नची गरजच नाही पडत मले."

एक दिवस युनूसने मला बाजूला घेतलं. दुसऱ्या कंपनीत बोलणं पक्कं झालं होतं. दारव्ह्याहून रोज जाऊन येता येईल असा प्लांट, हुद्दाही मोठा. पोरगी सना कॉलेजात चालली होती, रोज घरी यायचं त्याच्या मनात होतं. फक्त पत्र हातात यायचं बाकी. "रफीकले माहीत हाय अन् आता तुमाले," तो म्हणाला. "पत्र आल्याबिगर राजीनामा नाही. तुमीच शिकवलं ना, भाऊ?"

मी शाबासकी दिली. आणि तुम्हाला खरं सांगू? आतून जळलो. मी तेव्हा बरेच महिने घरी बसून होतो. एजंट लोकांनी माझे फोन उचलणं बंद केलं होतं. आणि हा — माझा विद्यार्थी — एजंट न लावता, ओळखीने, घराजवळ, मोठ्या खुर्चीवर.

त्याच आठवड्यात नागपूरच्या निखिलचा फोन आला. तोच, कुकरवाला. "सर, खाना हुआ?" जेवणाची चौकशी करणाऱ्या एजंटवर विश्वास ठेवू नये, हाही माझाच धडा. त्याने एक काम सांगितलं, लांबलचक मुदतीचं. मला वास आला. अशी कामं कागदावरच असतात, बायोडाटे गोळा करायला. मी आडवेतिडवे प्रश्न विचारले, त्याने गुळगुळीत उत्तरं दिली. मग तो सहज म्हणून म्हणाला, "और सर, मार्केट में कौन हिल रहा है?"

मी युनूसचं नाव सांगितलं. प्लांटही सांगितला.

चुकून नाही. बोलण्याच्या ओघातही नाही. मी जरा थांबलो होतो — थांबून सांगितलं. निखिल काय करेल ते मला माहीत होतं. ते तर मी चार माणसांना शिकवत होतो.

चार-पाच दिवसांत कंपनीने युनूसला बोलावून घरी जायला सांगितलं. नव्या कंपनीने चौकशीला जुन्या कंपनीत फोन केला, तिकडून काय सांगितलं असेल ते उघड आहे. पत्र आलंच नाही. त्याच्या खुर्चीवर निखिलचा माणूस बसला. मला सांगितलेलं काम? ते नव्हतंच. माझा संशय बरोबर होता. म्हणजे मीही फसलो असं म्हणता येईल, पण मी फसलो नव्हतो. मला वाटा हवा होता, तो मिळाला नाही, एवढंच.

तरी इथवरचं मी कधीतरी कबूल केलं असतं, असं मला वाटतं. या वाटण्यावरही माझा फारसा विश्वास नाही.

युनूस घरी आला. खुर्चीच्या काठावर बसला. "भाऊ, तुमी कोनापाशी बोलले तं नाही?" मी तोंड उघडायच्या आत त्यानेच हात हलवला. "जाऊ द्या. तुमाले कायले विचारून राह्यलो मी? दोघालेच माहीत होतं. तुमी तं सांगनार नाही."

दोघांतून एक वजा केला की कोण उरतो, ते तुम्हीही सांगाल. त्याने नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघत राहिला. नाही म्हणायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी म्हणालो, "आपल्याच माणसावर नजर ठेवावी लागते, युनूस. तो बोलतो फार."

हे आहे ते. नाव निखिलला दिलं तो हावरटपणा होता. हे जे दुसरं केलं, त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही.

त्यानंतर रफीकला त्या घराचं दार बंद झालं. शबानाभाभी भावाला ईदला फोन करायची, तोही मागच्या खोलीत जाऊन. युनूसने दारव्ह्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं. बरं चालतं. नवीन पोरं एजंटबद्दल विचारायला आली की तो त्यांना माझ्याकडे पाठवतो.

गेल्या उन्हाळ्यात सनाचं लग्न झालं. युनूसने मला फाटकावर स्वागताला उभं केलं आणि कानाशी येऊन म्हणाला, "रफीक आला तं बाहेरूनच वापस पाठवा, भाऊ. तमाशा नको. तुमचं आयकते तो."

रफीक आला. इस्त्रीचा पांढरा कुडता, हातात मिक्सरचा खोका, त्याला लाल रिबन. मला बघून त्याला धीर आल्यासारखा दिसला. मी सांगितलं, आत जाऊ नको. त्याने हुज्जत घातली नाही. एवढा बोलका माणूस, पण एकच विचारलं. "भाऊ, तुमाले तरी वाटते काय, मी सांगतलं असन?"

मी म्हणालो, "आता ते उकरून काय फायदा?"

त्याने खोका माझ्या हातात दिला. "माह्या नावानं घेनार नाही भाऊजी. तुमच्याकडून द्या." आणि उन्हात चालत गेला. आतून बिर्याणीचा वास येत होता. तो जेवला नव्हता.

मी खोका आत नेला आणि स्टेजवर सनाच्या हाती दिला. माझ्या नावाने. युनूस फोटोत माझ्या खांद्यावर हात टाकून उभा आहे. शबानाभाभी म्हणाली, घरच्यांनी केलं नसतं एवढं तुम्ही केलं.

मधे सना सासरहून माहेरी आली होती, तेव्हा दुकानात भेटली. म्हणाली, "काका, मिक्सर एक नंबर हाय. सासू सगळ्याले सांगते, काकानं दिला म्हनून."

मी विचारलं, आवाज फार करत नाही ना?

"नाही," ती म्हणाली. "बिलकुल नाही."