मसाफीच्या चढावर रुसलेली पिकअप

समुद्रकाठचं फुजैरा पाहायची हौस माझी. दत्तारामला तिथून पलंग आणि फ्रिज आणायचा होता. गुहागरकडचा हा ड्रायव्हर आमच्या साइटवर माल पोचवायचा. त्याची बायको सुनंदा आणि तीन वर्षांची मुलगी त्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला शारजा विमानतळावर उतरणार होत्या. मुलगी त्याने फक्त फोटोत पाहिलेली. ही २००० सालची गोष्ट.

दुबईतल्या करामातून पहाटे निघालो, मालकाच्या जुन्या डिझेल पिकअपमधून. धैदच्या पुढे वाळू संपते आणि उघडेबोडके डोंगर सुरू होतात. जाणाऱ्यांनी पाणी दुप्पट घ्यावं, एसीच्या भरवशावर राहू नये. फुजैराला सामान चढवण्यातच अकरा वाजले.

परतताना मसाफीच्या शुक्रवार बाजारात मलबारी हॉटेलात पराठा आणि मासा. "पाच दिरहॅम, म्हणजे साठ रुपये," दत्ताराम म्हणाला, आणि आणखी एक पराठा मागवला. दीड वाजता चावी फिरवली. टक्. बस, तेवढंच.

पुढे भिंत, मागे चढ, वर सामानाचं ओझं. धक्का मारायची सोय नव्हती.

शेजारच्या पठाण फळवाल्याने कान देऊन निकाल दिला, "सेल्फ गया, भाई. मेकॅनिक कल आएगा, इन्शाल्ला."

"साहेब, त्या दोघी कोणाला ओळखतात इथं?" दत्तारामने घड्याळाकडे बघत विचारलं.

मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर. आज इथून हलायचंच, असं मनाशी ठरवलं. हॉर्न खणखणीत, पण चावी फिरवली की दिवे विझत. बॅटरीचे टर्मिनल घासले, तरी टक्. फळवाल्याच्या गाडीवरून करंट घेतला, तरी तेच. मग जाड वायरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला. दत्तारामने चावी फिरवताच इंजिन गरगर फिरलं. म्हणजे सेल्फ, इंजिन फिरवणारी मोटर, ठणठणीत; खोट अर्थिंगमध्ये.

अर्थची पट्टी चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे आवळली होती, तिथे खाली वाकून पाहिलं. लाल ऑइल पेंट, नवाकोरा.

"हे कोणी रंगवलं?"

"मीच. दसऱ्याला पूजा होती ना," तो ओशाळून म्हणाला. "सगळं सोडवून दोन हात मारले."

रंगावरच पट्टी आवळली होती. घाटातल्या धक्क्यांनी उरलासुरला टेकाही सुटला. मला राग आला आणि हसूही. स्क्रूड्रायव्हरने खरवडून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळला. साडेतीनला गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. फळवाला म्हणाला, "यल्ला, भागो."

सहाला दहा कमी असताना विमानतळ गाठलं. त्या दोघी बाहेर आल्या तेव्हा दत्तारामने काळे हात पाठीमागे लपवले. मुलगी आईआड गेली, तिथून त्याच्याकडे बघत राहिली, मग पुढे येऊन तिने त्याचा लपवलेला हात ओढून काढला. त्याला रडू फुटलं, मलाही.

घरी आल्यावर मुलाने विचारलं, "बाबा, डिड यू सी द बीच?"

समुद्र बघायचा राहूनच गेला होता. तसं सांगितलं, आणि त्याला जवळ ओढलं. त्याच्या शर्टाला ग्रीस लागलं म्हणून बायको ओरडली, तरी मी त्याला बराच वेळ सोडलं नाही.